जवारीची मजुरी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत उभे आयुष्य तंबोऱ्याची जवारी लावण्यात ज्यांनी वेचले, ते एक वृद्ध कारागीर अलीकडेच पैगंबरवासी झाले. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. आणि आपल्या दुकानावर नावाची पाटीसुद्धा लावू न देणाऱ्या या माणसास मृत्यूनंतर आपले नाव छापून आलेले रुचले नसते, म्हणून मीही त्यांचा उल्लेख चाचा असाच करतो. त्यांच्या दफनविधीस जमलेल्या समुदायात गल्लीतले कारागीर आणि आप्तेष्ट होतेच. परंतु त्यांच्याबरोबर गावातील रुग्णालयांचे डॉक्टर होते, स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले होते, गाण्याच्या शिकवण्या करून संसार चालविणाऱ्या प्रौढ स्त्रिया कबरस्तानाच्या दाराशी डोईवर पदर घेऊन उभ्या होत्या, आणि दरवर्षी आषाढात पंढरीची वाट चालणाऱ्या एका दिंडीचे वीणेकरी गळ्यातली तुळशीची माळ सावरीत मूठमाती द्यावयास पुढे झाले होते. इतक्या भिन्न स्थितीतल्या माणसांना एका दुःखाने एकत्र आणणारी अंत्ययात्रा आमच्या तालुक्यात कोणा पुढाऱ्याच्याही वाट्यास आलेली माझ्या पाहण्यात नाही.

या लोकप्रियतेविषयी संशय घेण्याचे काही कारण नाही. ती अस्सल होती आणि चाचांनी ती कष्टाने मिळविलेली होती. परंतु ज्या गावाने त्यांच्यावर इतके निर्व्याज प्रेम केले, त्याच गावाने त्यांच्या सर्वांत दुर्मीळ कामाचा मोबदला त्यांना कधी दिला नाही, आणि तो न घेण्यातच त्यांचा मोठेपणा आहे असे स्वतःच्या सोयीसाठी मानून घेतले, ही गोष्ट त्यांच्या पश्चात तरी कोणी स्पष्टपणे बोलली पाहिजे. शोकसभेत ती बोलली गेली नाही. तेथे चाचांच्या निःस्पृहतेची स्तुती झाली, आणि ती ऐकताना त्यांचा पुतण्या खाली मान घालून का बसला होता याचा विचार फारसा कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

या गल्लीचा पूर्ववृत्तान्त येथे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. आज जे सतारमेकर म्हणून ओळखले जातात, त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी, कट्यारी आणि भाले यांस धार लावून चकाकी देणारे. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली, संस्थानांच्या फौजा हळूहळू नावापुरत्या उरल्या, आणि शिलेदार-बारगिरांच्या हत्यारांवर ज्यांची चूल पेटत असे त्या जमातीपुढे निर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने उरलासुरला मार्गही खुंटला. तत्पूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोइनुद्दीन यांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती करता करता ती घडविण्याचे कसब हस्तगत केले, आणि पोलादावर बसलेला हात भोपळ्यावर व लाकडावर बसविला. मिरज संस्थानचे अधिपती पटवर्धन संगीताचे षौकी असल्यामुळे या नव्या उद्योगास दरबारचा आश्रय मिळाला, आणि एका पिढीच्या आत मिरजेचा तंबोरा हा शब्दप्रयोग गवयांच्या तोंडी रूढ झाला. शस्त्राच्या धंद्यातून स्वराच्या धंद्यात आलेली ही मंडळी बाहेरून कोणी आणून बसविलेली नव्हती. आपत्ती ओढवली तेव्हा आपल्याच हाताचे कसब दुसऱ्या कामाकडे वळविण्याची बुद्धी त्यांना झाली, आणि दक्षिण महाराष्ट्राच्या कारागिरीच्या इतिहासात मला हा प्रसंग अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

गाणाऱ्यांनीही या गावास भरभरून दिले. डोळ्यांच्या उपचारासाठी मिरजेस आलेले कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली तयार झाले, १८९६ मध्ये बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. किराण्याहून आलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज आपलेसे केले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली याच गावी झाला. खाँसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीतही वाकबगार होते. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला, तेव्हा अखेरच्या घटकेस त्यांनी तंबोरा जुळवावयास सांगितला होता, असे सांगतात. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला, आणि तेथे दरवर्षी होणाऱ्या संगीतसभेस भीमसेन जोशींसारखे गवई मोठ्या भक्तिभावाने हजेरी लावीत आले. चाचा लहानपणी या सभेत गवयांच्या मागे बसत, गाण्याकडे अर्धे लक्ष आणि तंबोऱ्याकडे पुरे लक्ष देऊन. त्यांचे खरे शिक्षण तेथे झाले असे ते म्हणत.

दुकानातले शिक्षण निराळे, आणि अत्यंत कठोर होते. शाळा सुटल्यावर मामाच्या हाताखाली उमेदवारीस राहिलेल्या या मुलाने पहिली काही वर्षे सरस शिजविणे, भोपळे आतून खरवडणे आणि दांडीवर काचकागद घासणे यापलीकडे काही केले नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस भीमेच्या काठी या कामाचे कडू भोपळे पिकतात. वेलीवरच वाळून टणक झालेले हे भोपळे निवडून आणावे लागतात, आणि त्यांपैकी कोणता बोलेल आणि कोणता मुका निघेल हे बोटाच्या टिचकीवर ओळखावे लागते. निवडलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करावयाचा, वरून कापून त्यातला गर आणि बिया काढावयाच्या, आत काड्यांचे आधार देऊन त्याचा घेर हवा तसा वाढवावयाचा, आणि सावलीत पुन्हा वाळू द्यावयाचा. मग तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली एकमेकांस सरसाने जोडावयाची, त्यावर नक्षी बसवावयाची आणि चपड्याच्या लाखेचे हातावर हात देऊन झिलई आणावयाची. एके काळी ही नक्षी आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी हस्तिदंताची अथवा सांबरशिंगाची असे. वन्यजीवांच्या संरक्षणासाठी १९७२ चा कायदा झाला, पुढे हस्तिदंताच्या व्यापारावर संपूर्ण बंदी आली, आणि घोडीसाठी साधे हाड किंवा शिसवी लाकूड वापरणे भाग पडले. या बंदीविषयी चाचांच्या तोंडून मी तक्रारीचा शब्द ऐकला नाही. हत्तीचा जीव मोठा, आपला स्वर हाडातूनही निघेल, एवढेच ते म्हणाले आणि हाडावर हात बसवावयास त्यांनी पुन्हा नव्याने सुरुवात केली.

आता जवारीविषयी. ज्यांनी गाण्याच्या बैठकी ऐकल्या आहेत त्यांना हे ठाऊक असते की, उत्तम तंबोऱ्याची एक तार छेडली असता तिच्यातून केवळ तिचा स्वर ऐकू येत नाही. त्या स्वराच्या पोटातून गंधार उमलतो, पंचम उमलतो, आणि गवयास आपला षड्ज शोधावा न लागता तो जणू त्याच्या भोवती भरून राहतो. ही करामत भोपळ्याची थोडी, लाकडाची थोडी, आणि घोडीची सर्वांत अधिक. घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्यास पुढे अतिशय मंद असा उतार दिलेला असतो, आणि तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते. तिच्याखाली सरकविलेल्या सुताच्या दोऱ्याने हा स्पर्श किती आणि कोठे व्हावा हे नियंत्रित होते. हे सारे जुळवून आणणे म्हणजे जवारी लावणे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात हे रहस्य उलगडून दाखविले: तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा मान्य नियम, परंतु वीणेच्या आणि तंबोऱ्याच्या रुंद, वक्र घोडीमुळे तो उमटतो, असे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. रामन यांचे नाव चाचांना ठाऊक होते, हा निबंध ठाऊक नव्हता. एकदा मी त्यातला आशय त्यांना सांगितला, तेव्हा ते बराच वेळ घोडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे ह्ये कुणीतरी लिवून ठेवलंय. बरं झालं."

त्यांची जवारी लावण्याची रीत मी अनेकदा जवळ बसून पाहिली आहे. तंबोरा आणणाऱ्याने तो खाली ठेवताच चाचा प्रथम त्यास हात लावीत नसत. ते त्या माणसास गावयास सांगत. एक तरुण मुलगी राज्याच्या सीमेपलीकडच्या गावाहून आईबरोबर आली होती, आणि तंबोरा घोगरा बोलतो अशी तिची तक्रार होती. "पट्टी कोणती, पोरी?" चाचांनी विचारले. "पांढरी चार," ती म्हणाली. "सा लाव बघू. घाबरू नको, परीक्षा न्हाई ही." तिने षड्ज लावला, तो त्यांनी डोळे मिटून ऐकला, पुन्हा ऐकला, आणि मग जोडाच्या दोन पोलादी तारा सैल करून बाजूस सारल्या. कानशीचा एक हात घोडीवरून असा फिरला की हाडाची भुकटीसुद्धा डोळ्यांस दिसली नाही. तार पुन्हा जागेवर आली, दोरा केसभर पुढे सरकला, एकदा छेडून झाले, मान हलली, तार पुन्हा उतरली. हे असे बहुधा तासभर चालले असेल. काढलेले हाड परत बसविता येत नाही, त्यामुळे प्रत्येक हातापूर्वी ते थांबत, आणि ते थांबणे हाच या कामातला सर्वांत अवघड भाग आहे असे त्यांचे मत होते. गळ्यातली जवारी खुली असलेल्या गवयास घोडीचीही खुली जवारी चालत नाही, दोन्ही मिळून स्वर फाटतो. आणि ज्याचा आवाज बंद आहे त्यास बंद जवारी दिली तर तो बैठकीत बुडून जातो, हा विवेक कानशीने शिकविता येत नाही. शेवटी खर्जाच्या पितळी तारेवर बोट फिरले आणि त्या खोलीत जो नाद भरला, तो ऐकून त्या मुलीच्या आईने पदराने डोळे टिपले. तिने पिशवीतून पैसे काढले. "जवारीचे पैसे कसले, ताई? तारा बदलल्या त्येचे तेवढे द्या," चाचा म्हणाले, आणि पितळी तारेची जी काय किंमत झाली तेवढीच त्यांनी घेतली.

अशी त्यांची रीत होती. नवा तंबोरा घडविला तर त्याची किंमत ते घेत, दुरुस्तीस लागलेल्या जिनसांची किंमत घेत, परंतु कानाची आणि निर्णयाची किंमत त्यांनी कधी लावली नाही. आषाढाच्या तोंडी दिंड्यांचे वीणे दुरुस्तीस येत, त्यांची तर जिनसांची किंमतही ते घेत नसत. वारीच्या वीण्यावर मजुरी लावावयाची नाही हा त्यांच्या मामाचा दंडक होता आणि त्यांनी तो अखेरपर्यंत पाळला. गरीब घरची मुलगी गाणे शिकते आहे असे कळले तर जुना, कोणी टाकून दिलेला तंबोरा नीट करून तो तिच्या घरी पोचविणे आणि पैसे हप्त्याहप्त्याने, किंवा मुळीच न आले तरी न विचारणे, हेही त्यांनी कितीदा केले याचा हिशेब त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नाही. नव्या वाद्याच्या मोहाने आलेल्या गिऱ्हाइकाचा जुना तंबोरा उत्तम असल्यास ते त्याला नवा विकत नसत. तुमच्या आज्याने चांगली वस्तू ठेवली आहे, ती सांभाळा, असे सांगून परत पाठवीत. व्यापाराच्या दृष्टीने हे वेड होते. गावाने त्या वेडावर प्रेम केले.

त्यांच्याजवळ लांबट बांधणीची एक नोंदवही होती, पूर्वी पेढ्यांवर वापरीत तशी लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. तीत त्यांनी हातून गेलेल्या प्रत्येक वाद्याची नोंद ठेवली होती: भोपळा कोणत्या गावच्या शिवारातला, कोणत्या सालचा, लाकूड किती वर्षे मुरलेले, घोडी हाडाची की शिसवी, पट्टी कोणती, आणि शेवटच्या रकान्यात, पेन्सिलीने, गाणाऱ्याच्या आवाजाविषयी दोन-चार शब्द. आवाज कोरडा. आवाज गोड पण भित्रा. वरच्या पंचमात ताण, जवारी थोडी बंद ठेवली. मराठीत लिहिलेल्या आणि मध्येच उर्दूत वळणाऱ्या या नोंदी मी चाळल्या आहेत, आणि माझे प्रामाणिक मत असे की, गेल्या अर्धशतकातील दक्षिण महाराष्ट्राच्या कंठसंगीताचे इतके बारकाईचे दप्तर कोणत्याही विद्यापीठात सापडावयाचे नाही. वहीत पैशाचा रकाना होता. जवारीच्या ओळींपुढे तो जवळजवळ सर्वत्र कोरा आहे.

या कोऱ्या रकान्याविषयी मला लिहावयाचे आहे. चाचांच्या औदार्याची निंदा करण्याचा अधिकार कोणास नाही, आणि वारीच्या वीण्यावर मजुरी न घेणे ही त्यांची श्रद्धा होती, तिच्यात लुडबुड करणारे आपण कोण? परंतु जे त्यांच्याकडे येत त्यांत सगळेच वारकरी नव्हते आणि सगळ्याच गरीब मुली नव्हत्या. मोठ्या बिदागीचे गवई येत, परदेशच्या दौऱ्यावर निघालेले वादक येत, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांची वाद्ये खटारा भरून येत. ज्या गवयाची एका बैठकीची बिदागी चाचांच्या वर्षभराच्या प्राप्तीएवढी होती, तोही जवारी लावून झाल्यावर नम्रतेने पाया पडे, चाचांसारखा माणूस होणे नाही असे म्हणे, आणि तारेचे पैसे देऊन निघून जाई. पाया पडणे खोटे नव्हते. पण त्या नम्रतेने वाण्याचे देणे भागत नाही. एका संस्थेने आपले तंबोरे दुरुस्त करून नेल्यावर जिनसांचे बिलसुद्धा मंजुरीच्या कारणाने इतके लांबविले की शेवटी चाचांनीच ते मागणे सोडून दिले, आणि त्याच संस्थेच्या वार्षिक अहवालात त्यांच्या सेवाभावाचा गौरवपूर्ण उल्लेख छापला गेला. वैद्याने नाडी पाहिली तर त्याची फी आपण देतो, वकिलाने कागद नुसता वाचला तरी त्याचे शुल्क देतो. कारण बुद्धीस आणि अनुभवास किंमत असते हे त्या ठिकाणी आपल्याला मान्य आहे. कारागिराच्या बाबतीत मात्र आपण जिनसांची किंमत मोजतो, आणि तासन्‌तास ऐकून घेतलेल्या एका निर्णयास किरकोळ हातचलाखी समजून पुढे चालू लागतो. ही रीत एका चाचांपुरती नाही. सुताराचा, गवंड्याचा, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा अनुभव हाच आहे.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. चाचांचे दोन्ही मुलगे हुशार, दोघांचेही कान तयार. एक औषधांच्या कंपनीत फिरतीच्या नोकरीवर गेला आणि दुसऱ्याने आखातात वीजजोडणीचे काम धरले. त्यांना दोष देण्याचे धार्ष्ट्य माझ्याजवळ नाही. त्यांनी बापाचे प्रेमही पाहिले आणि दर जूनमध्ये फीसाठी आईने मोडलेला डागही पाहिला. धंदा आता पुतण्याकडे आहे, आणि तोही त्याने निष्ठेपोटी चालविला आहे, लाभासाठी नव्हे.

यात बदललेल्या काळाचाही वाटा आहे हे मी नाकारीत नाही. बंगळुरात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारा तंबोरा निघाला. पुढे तो खिशात मावू लागला, आणि आता तर भ्रमणध्वनीतच तो फुकट वाजतो. रियाजासाठी, प्रवासासाठी, ज्याच्या घरात तंबोरा उभा करावयास कोपराच नाही अशा विद्यार्थ्यासाठी ते यंत्र उपकारक आहे, आणि चाचाही त्यास नावे ठेवीत नसत. परंतु कोणत्याही गळ्यास ते एकच उत्तर देते. गाणाऱ्याचा आवाज वयाने, आजाराने, बाळंतपणाने, रियाजाने बदलत जातो, आणि त्याबरोबर जवारी बदलावी लागते. हा संवाद ज्या दिवशी खंडित होईल त्या दिवशी आपल्या गायकीतून काहीतरी निघून जाईल, आणि ते काय होते हे सांगावयासही त्या वेळी कोणी उरणार नाही.

सरकारने या धंद्यासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९९ च्या कायद्यान्वये २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परगावी घडविलेल्या वाद्यावर मिरजेचे नाव चिकटवून विकणाऱ्यास त्यामुळे आळा बसेल. पण मानांकनाने नावाचे रक्षण होते, हाताचे होत नाही. दहा वर्षांनी त्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. तेव्हा कागदावर नाव असेल आणि जवारी लावणारा नसेल, अशी अवस्था येऊ नये याची तजवीज कोणी केली आहे? १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ व्यवसाय गणले आहेत. प्रशिक्षणाच्या काळात भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि अल्प व्याजाने ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. त्या १८ मध्ये सुतार आहे, लोहार आहे, कुंभार, न्हावी, शिंपी, मालाकार आहेत, आणि शस्त्र घडविणाराही आहे. वाद्य घडविणारा नाही. ज्या शिकलगारांनी शस्त्राचा धंदा सोडून वाद्याचा धरला त्यांच्या वंशजांना या यादीत त्यांच्या सोडून दिलेल्या धंद्याची जागा आहे आणि चालू धंद्याची नाही. ही उणीव एका शासननिर्णयाने दूर होण्यासारखी आहे, आणि आमच्या भागातील लोकप्रतिनिधींनी ती दिल्लीस जाऊन निदर्शनास आणली पाहिजे.

परंतु दिल्लीपूर्वी मिरजेचे काम आहे. कारागिरास मान कसा द्यावा हे या गावास कोणी शिकविण्याची गरज नाही. मीरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हक्क कोणी सुलतानाने, संस्थानिकाने किंवा मामलेदाराने हिरावून घेतला नाही, आणि जोडे शिवणाऱ्या हातांच्या मागून बाकीचा गाव दर्ग्यात शिरतो. ज्या गावाची रीत इतकी उदात्त आहे त्या गावाला जवारीचा दर ठरविणे अशक्य आहे काय? येथील संगीतसभांनी, शिकवणीवर्गांनी आणि ज्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना देशभरातून विद्यार्थी बसतात व ज्याचे मिरजेशी इतके जुने नाते आहे त्या मंडळाने, आपल्या वाद्यांच्या जवारीसाठी या गल्लीशी सालाबादचा लेखी करार करावा. त्यात जिनसांची किंमत वेगळी आणि कानाची मजुरी वेगळी लिहिलेली असावी, आणि रक्कम काम झाल्याच्या दिवशी चुकती व्हावी. आकाशवाणीच्या केंद्रांनीही तसेच करावे. मोठ्या बिदागीच्या गवयांनी आपल्या एका बैठकीचा काही अंश दरवर्षी येथे पाठविला तर तो दानधर्म समजू नये; ते जुने देणे आहे. कोऱ्या रकान्यांची ती वही पुतण्याने जपून ठेवली आहे, तिची काळजीपूर्वक नक्कल करून घेण्याचे काम एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागाने अंगावर घ्यावे, आणि त्याचाही मोबदला त्या घरास मिळावा. चाचांच्या नावाने चौक करावा, अशी सूचना शोकसभेत आली होती. चौकास माझा विरोध नाही, पण चौकाच्या फलकाचा खर्च जेवढा होईल तेवढ्यात एका उमेदवाराचे वर्ष निघते.

आणि उमेदवाराचा प्रश्न तर आजचा आहे. जवारी शिकावयास पाच-सहा वर्षे लागतात. त्यातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाच्या हातून विकण्याजोगे काही होत नाही, आणि एवढा काळ त्याला पोसण्याची ऐपत एकट्या दुकानदाराची नसते. महापालिकेने अंदाजपत्रकात दोन उमेदवारांचे विद्यावेतन धरले, तर ती रक्कम तिच्या एखाद्या रस्त्याच्या ठिगळाहूनही लहान असेल. पुतण्याजवळ सध्या एकच मुलगा शिकावयास येतो. भोपळा त्याला टिचकीवर ओळखता येऊ लागला आहे, असे पुतण्या सांगतो, आणि चाचांनी अखेरच्या आजारपणात त्याच्याकडून अंथरुणाशेजारी तार जुळवून घेतली होती. त्याचे वडील त्याला दहावी होताच मोटारीच्या गॅरेजात घालावयाच्या विचारात आहेत, कारण तेथे पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. त्या वडिलांना भेटावयास आपल्यापैकी कोणी तरी विद्यावेतनाचा मंजूर कागद हातात घेऊन गेले पाहिजे, आणि निकाल लागण्यापूर्वी गेले पाहिजे.